शारीररचना व प्राण्यांचे आप्तसंबंध

निरनिराळ्या प्राण्यांच्या अस्थी, दात, कवचे, इंद्रिये इत्यादींची परस्परांशी तुलना करून त्या प्राण्यांचे क्रमविकासातील (उत्क्रांतीतील) नाते निश्चित करण्याची पद्धती. ज्या शास्त्रशाखेत अशी तुलना केली जाते तिला ‘तौलनिक शारीर’ म्हणतात. दोन प्राण्यांत आढळणारे साम्य समान पूर्वजाकडून आलेले आहे की समान राहणीमुळे स्वतंत्रपणे उद्‌भवलेले आहे, हा या पद्धतीपुढील मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर देताना झालेल्या चुका व त्यांच्या दुरुस्त्या यांतूनच या शास्त्राचा विकास झाला. मुंबईतील वरळीचे बेडूक व कासव आणि खानदेशातील पाटणे येथील शहामृगाच्या अंड्यांची कवचे ही महाराष्ट्रातील उदाहरणे या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहेत.

मूळ कल्पना : या पद्धतीची मूळ कल्पना नित्याच्या पाहण्यातील प्राण्यांवरून स्पष्ट करता येते. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर नदी जळगाव जिल्ह्यातील पहूर या गावावरून पुढे तापीकडे जाते. या परिसरात शेतात राबणारा बैल, त्यामागे चालणारा शेतकरी व डोंगरातील गुहांमधून राहणारे वटवाघूळ या तिघांच्या पुढच्या अवयवांत बाह्यतः काहीच साम्य दिसत नाही. एकाचा अवयव भार पेलण्यासाठी, दुसऱ्याचा वस्तू पकडण्यासाठी व तिसऱ्याचा उडण्यासाठी आहे. तथापि कातडी व स्नायू दूर करून पाहिल्यास तिन्ही ठिकाणी खांद्यापासून कोपरापर्यंत एक हाड, त्यापुढे दोन हाडे, मग मनगटातील लहान हाडांचा समूह व शेवटी तळव्याची व बोटांची हाडे असा एकच क्रम आढळतो. वटवाघळाच्या पंखाचे पातळ पटल चार लांबलेल्या बोटांनी ताणून धरलेले असते व त्याचा अंगठा मोकळा असतो. बैलाच्या अग्रबाहूतील दोन हाडे जुळून एक झालेली असतात, तळव्याच्या दोन हाडांचेही एकच नळीसारखे हाड बनलेले असते आणि तो आपल्या तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या टोकांवर चालतो. ही टोके खुरांनी झाकलेली असतात. त्याच्या पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणून जो भाग दाखविला जातो, तो शारीरदृष्ट्या मनगट होय. घोड्याच्या बाबतीत हा ऱ्हास आणखी पुढे जाऊन चालण्यासाठी एकच बोट शिल्लक राहिले आहे.

याउलट फुलपाखराचा पंख व वटवाघळाचा पंख यांचे कार्य एकच असले, तरी फुलपाखराच्या पंखात हाडे नसतात आणि त्याची घडणही वेगळ्याच ऊतकांपासून होते. पहिल्या प्रकारच्या अवयवांना ‘समजात’ (मूळ रचना व उत्पत्ती समान असलेले) आणि दुसऱ्या प्रकारच्या अवयवांना ‘समधर्मी’ (केवळ कार्य समान असलेले) म्हणतात. आप्तसंबंधांचा पुरावा समजात अवयवांतून मिळतो; समधर्मी अवयवांतून प्राण्याची राहणी कळते, त्याचे कूळ कळत नाही.

इतिहास : प्राण्यांच्या अवयवांची तुलना ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांच्या काळापासून होत आलेली आहे. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक प्येअर बलाँ यांनी १५५५ मध्ये पक्ष्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात मनुष्याचा व पक्ष्याचा सांगाडा शेजारीशेजारी छापून त्यांतील परस्परांशी जुळणारी हाडे दाखविली. मात्र हे साम्य का असावे, याचा उलगडा त्या काळी झाला नव्हता.

या अभ्यासाला शास्त्राचे स्वरूप पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस प्राप्त झाले. झॉर्झ क्यूव्ह्ये (१७६९–१८३२) यांच्या मते प्राण्याचे सर्व अवयव परस्परांशी सुसंगत असतात. मांस फाडणारे दात असतील, तर त्याला साजेसे जबडे, पंजे व आतडीही असणारच. या सूत्राच्या आधारे थोड्या हाडांवरून नष्ट झालेल्या प्राण्याचे स्वरूप सांगता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे सहकारी एत्येन झॉफ्र्वा सँतीलेर (१७७२–१८४४) यांनी कार्यापेक्षा अवयवांच्या परस्परसापेक्ष स्थानाला महत्त्व दिले. अवयव लहान होईल, मोठा होईल किंवा नाहीसा होईल. परंतु शेजारच्या अवयवांच्या संदर्भात असलेले आपले स्थान तो सहसा बदलत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८३० मध्ये या दोघांत झालेला वाद जीवविज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या वादात क्यूव्ह्ये यांची सरशी झाली असे मानले गेले, तरी स्थानाचे तत्त्व टिकून राहिले व पुढे समजाततेचा निकष म्हणून मान्यता पावले.

या तत्त्वाचे सामर्थ्य कानातील हाडांच्या बाबतीत विशेष दिसून येते. सस्तन प्राण्यांच्या मध्यकर्णात तीन सूक्ष्म हाडे असतात; सरीसृपांत तेथे एकच हाड असते. मग उरलेली दोन कोठून आली? जर्मन शारीरविज्ञ कार्ल राइकेर्ट यांनी १८३७ मध्ये भ्रूणांच्या अभ्यासावरून असे दाखविले की, सरीसृपांत जबड्याचा सांधा ज्या दोन घटकांनी बनतो, तेच घटक सस्तन प्राण्यांत लहान होऊन कानात गेलेले आहेत. हा निष्कर्ष त्या वेळी चमत्कारिक वाटण्यासारखाच होता. पुढे जबड्याचे जुने व नवे असे दोन्ही सांधे एकाच वेळी असलेल्या मध्यस्थ प्राण्यांचे जीवाश्म (शिळारूप अवशेष) मिळाले व राइकेर्ट यांच्या निष्कर्षाला दगडातील आधार लाभला.

‘समजात’ व ‘समधर्मी’ या संज्ञांच्या काटेकोर व्याख्या इंग्रज शारीरविज्ञ रिचर्ड ओएन (१८०४–९२) यांनी १८४३ मध्ये केल्या. ओएन हे क्रमविकासवादी नव्हते. सर्व पृष्ठवंशी प्राणी एका आदर्श आराखड्यानुसार घडविलेले असल्याने त्यांत साम्य आढळते, असे त्यांचे मत होते. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये याच साम्याचा वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते आदर्श आराखडा म्हणजे प्रत्यक्षात होऊन गेलेला समान पूर्वज होय आणि समजात अवयव हे त्या पूर्वजाकडून आलेल्या वारशाचे पुरावे होत. अशा प्रकारे ओएन यांनी जमविलेली सामग्री ज्या सिद्धांताला त्यांचा विरोध होता, त्याच सिद्धांताच्या कामी आली.

लक्षणांचे मूल्य : सर्व समजात लक्षणांचे मूल्य सारखे नसते. शेपटी नसणे व मागचे पाय लांब असणे ही लक्षणे प्रौढ बेडकांत सर्वत्र आढळतात. त्यामुळे एखादा प्राणी बेडूक आहे एवढेच त्यांवरून सांगता येते. तो कोणत्या बेडकांच्या जवळचा आहे, हे सांगता येत नाही. एखाद्या शाखेत नव्याने उद्‌भवलेले व फक्त त्याच शाखेतील प्राण्यांत आढळणारे लक्षणच त्या शाखेचे नाते सिद्ध करते. हे तत्त्व जर्मन कीटकविज्ञ व्हिली हेन्निग यांनी १९५० मध्ये पद्धतशीरपणे मांडले. त्याचप्रमाणे एखादा अवयव नाहीसा होणे हे दुबळे लक्षण समजले जाते. कारण उपयोग संपला की तो अवयव अनेक शाखांत स्वतंत्रपणे नाहीसा होऊ शकतो. साप पायांवाचून आहेत आणि गांडुळासारखे दिसणारे, सह्याद्रीत आढळणारे देवगांडूळ हे उभयचर प्राणीही पायांवाचून आहेत. परंतु त्यांचा परस्परांशी निकटचा संबंध नाही. उलट, गुंतागुंतीची व प्राण्याच्या राहणीशी थेट निगडित नसलेली रचना दोन ठिकाणी तंतोतंत सारखी आढळल्यास ती स्वतंत्रपणे उद्‌भवली असण्याचा संभव कमी असतो. म्हणून अशा लक्षणाची साक्ष अधिक भरवशाची मानतात. या कसोट्या निर्माण होण्यापूर्वी जी नाती जुळविली गेली, त्यांपैकी काहींचा पुढे फेरविचार करावा लागला. वरळीचे बेडूक हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

वरळीचे बेडूक : पश्चिम महाराष्ट्र, खानदेश व मराठवाडा यांचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे, तो सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात लाव्ह्यांचे थर एकावर एक साचून तयार झाला. अजिंठ्याची लेणी याच पाषाणात कोरलेली आहेत. दोन उद्रेकांमधील निवांत काळात सखल भागांत तळी निर्माण होत व त्यांच्या गाळात वनस्पती व प्राणी पुरले जात. पुढील लाव्ह्याखाली हा गाळ दडपला जाऊन जे खडक बनले, त्यांना ‘अंतरा-ट्रॅप थर’ म्हणतात. मुंबईच्या वरळी टेकडीतील अशा पातळ पापुद्र्यांच्या खडकांत लहान बेडकांचे सांगाडे इतक्या संख्येने सापडले की, त्या खडकांना ‘बेडूक-थर’ असेच नाव पडले.

हे जीवाश्म लंडनला गेले व १८४७ मध्ये ओएन यांनी त्यांचे वर्णन केले. चार वर्षांपूर्वी समजाततेची व्याख्या करणाऱ्या या शास्त्रज्ञाने मुंबईच्या बेडकाला राना पुसिला असे नाव दिले. यातील ‘पुसिला’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘इवलासा’ असा आहे. राना ही सामान्य बेडकांची प्रजाती त्या काळी फार व्यापक अर्थाने वापरली जात असे, त्यामुळे या नावाने बेडकाच्या आप्तसंबंधांवर फारसा प्रकाश पडला नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फेर्डिनांट स्टोलिच्का (१८३८–७४) यांनी १८६९ मध्ये या सांगाड्यांचा अस्थिशः पुन्हा अभ्यास केला आणि हा बेडूक आग्नेय आशियातील लहान बेडकांच्या ऑक्सिग्लॉसस या प्रजातीत घातला. म्हणजे या मतानुसारही वरळीच्या बेडकाचे आप्त आशियातच होते.

अमेरिकन उभयचरविज्ञ जी. के. नोबल (१८९४–१९४०) यांनी १९३० मध्ये या मताला धक्का दिला. बेडकांच्या वर्गीकरणात त्वचेचा रंग किंवा शरीराचा आकार यांपेक्षा सांगाड्यातील काही विशिष्ट भागांना महत्त्व असते. उरोमेखला (खांद्याच्या हाडांचा कमानीसारखा सांगाडा), कशेरुकांचे (मणक्यांचे) परस्परांशी जुळणारे पृष्ठभाग, त्रिककशेरुकाचे आडवे प्रवर्ध (वाढावे) व बोटांची अखेरची हाडे हे ते भाग होत. सामान्य बेडकांत उरोमेखलेचे डावे व उजवे अर्ध छातीच्या मध्यावर एकमेकांना घट्ट जुळलेले असतात, तर भेक व ऑस्ट्रेलियातील अनेक बेडूक यांत ते एकमेकांवर सरकू शकतात. उड्या मारणे दोघांनाही आवश्यक असते. तेव्हा हा भेद केवळ राहणीचा नसून कुळाचाही आहे. अशा लक्षणांचा एकत्रित विचार करून नोबल यांनी वरळीच्या बेडकासाठी इंडोबॅट्रॅकस ही नवी प्रजाती स्थापन केली आणि तिचे निकटचे आप्त ऑस्ट्रेलियातील क्रिनिया व तत्सम बेडकांत असल्याचे प्रतिपादन केले. १९४० मध्ये भारतीय पुराजीववैज्ञानिक जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी वरळीच्याच थरांतून या प्रजातीतील आणखी एका जातीचे वर्णन केले.

ओएन, स्टोलिच्का व नोबल यांच्यासमोर एकाच बेडूक-थरांतील सांगाडे होते. बदलली ती साक्षीदारांची निवड, म्हणजे कोणत्या लक्षणाला किती महत्त्व द्यावयाचे याविषयीची समज. नोबल यांचा निष्कर्षही अखेरचा ठरलेला नाही. या बेडकाचे कुलनिश्चितीकरण अद्याप वादग्रस्त आहे; कारण चपट्या झालेल्या लहान सांगाड्यांत कूर्चेचे भाग क्वचितच टिकतात व नेमक्या महत्त्वाच्या सांध्यांविषयी शंकेला जागा राहते. मात्र मुंबईच्या बेडकाचे नाते दक्षिणेकडील खंडांशी असू शकेल, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच ठामपणे पुढे आला.

वरळीचे कासव : त्याच थरांत सापडलेल्या एका कासवाची कथा अशीच आहे. मुंबईत शल्यचिकित्सक असलेले हेन्री जॉन कार्टर (१८१३–९५) यांनी १८५२ मध्ये त्याचे वर्णन करून डॉ. लीथ यांच्या सन्मानार्थ त्याला टेस्ट्यूडो लीथाय असे नाव दिले. पुढे त्याचा समावेश दक्षिण अमेरिकेतील हायड्रॅस्पिस या प्रजातीत करण्यात आला व दीर्घकाळ ते त्याच नावाने ओळखले गेले.

कासवांचे दोन मोठे गट आहेत. भारतात सध्या आढळणारी बहुतेक कासवे मान इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणे उभी दुमडून सरळ आत ओढून घेतात. दुसऱ्या गटातील कासवे मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली लपवितात. त्यांची श्रोणि-मेखला (कमरेच्या हाडांचा सांगाडा) कवचाला पक्की जोडलेली असते. या आडमाने कासवांतही दोन शाखा आहेत. एक शाखा ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व दक्षिण अमेरिका येथे, तर दुसरी आफ्रिका, मादागास्कर व दक्षिण अमेरिका येथे राहते. दुसऱ्या शाखेतील कासवांच्या पोटाकडील कवचात दोन्ही कडांना लहान अस्थिपट्टांची एक जास्तीची जोडी असते. पहिल्या शाखेत ती नसते. अमेरिकन सरीसृपविज्ञ अर्नेस्ट विल्यम्स यांनी १९५३ मध्ये वरळीच्या कासवाच्या कवचाची नव्याने तपासणी करून ते पहिल्या शाखेतील नसून दुसऱ्या शाखेतील आहे असे दाखविले. त्यासाठी कार्टरेमिस ही स्वतंत्र प्रजाती करण्यात आली व कार्टर यांचे नाव त्यांच्या शोधाशी कायमचे जोडले गेले. मुंबईतीलच आंबोली येथील अंतरा-ट्रॅप थरांत मिळालेल्या एका आडमान्या कासवाचे २००३ मध्ये सांकुकेमिस सेठनाय या नावाने वर्णन झाले. तेही याच मोठ्या शाखेतील, परंतु आता पूर्णपणे नष्ट झालेल्या एका कुलातील आहे. या जातीचे नाव मुंबईचे भूवैज्ञानिक एस. एफ. सेठना यांच्यावरून ठेवलेले आहे.

ज्या गटाचा एकही प्रतिनिधी आज भारतात नैसर्गिक रीत्या आढळत नाही, त्याची कासवे एके काळी मुंबईच्या तळ्यांत होती, ही गोष्ट कवचातील काही लहान हाडांमुळे कळली. भारत पूर्वी आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया यांच्यासह गोंडवन या महाखंडाचा भाग होता व नंतर विलग होऊन उत्तरेकडे सरकला, ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात सर्वमान्य झाली. वरळीच्या कासवाचे दक्षिणेकडील नाते या इतिहासाशी सुसंगत आहे. सह्याद्रीच्या दक्षिण भागात आढळणाऱ्या, २००३ मध्ये वर्णन झालेल्या नासिकाबॅट्रॅकस या जमिनीखाली राहणाऱ्या बेडकाचे सर्वांत जवळचे आप्त सेशेल्स बेटांवर आहेत, हा जिवंत प्राण्यांतील पुरावाही त्याच दिशेने जातो.

पाटण्याचे शहामृग : वरळीच्या जीवाश्मांच्या मानाने फार अलीकडील, परंतु तितकेच बोलके उदाहरण खानदेशात मिळाले आहे. पहूरच्या दक्षिणेकडील अजिंठ्याची डोंगररांग पश्चिमेस सातमाळ्याशी सलग आहे. तिच्या पायथ्याशी चाळीसगाव तालुक्यात पाटणे हे स्थळ आहे. पाटणादेवीचे देऊळ व भास्कराचार्यांच्या घराण्याशी संबंधित शिलालेख यांमुळे हा परिसर प्रसिद्ध आहे. येथे १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात अश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे, त्यांपासून केलेले मणी व आडव्या-तिरप्या रेषांची नक्षी कोरलेला एक तुकडा मिळाला. किरणोत्सर्गी कार्बन पद्धतीने या कवचांचे वय सु. २५,००० वर्षे ठरले आहे.

नखाएवढ्या तुकड्यावरून तो शहामृगाचा आहे हे कसे ओळखतात, हा प्रश्न साहजिक आहे. अंड्याचे कवच हा पक्ष्याच्या शरीराचा भाग नसला, तरी अंडवाहिनीतील ग्रंथींचे ते उत्पादन असल्याने त्याची सूक्ष्म रचना त्या त्या गटाचे वैशिष्ट्य असते. शहामृगाचे कवच सु. २ मिमी. जाड असते. त्याच्या छेदात आतील बाजूस शंकूसारख्या घटकांचा व त्यावर उभ्या स्फटिकांचा असे थर दिसतात. श्वसनाची सूक्ष्म छिद्रे पृष्ठभागावरील लहान खळग्यांत पुंजक्यांनी उघडतात. या लक्षणांच्या समुच्चयावरून पाटण्याची कवचे शहामृगाची ठरली. भारतातील शहामृगाच्या अस्तित्वाला शिवालिक टेकड्यांत मिळालेल्या, त्याहून पुष्कळ प्राचीन हाडांचाही आधार आहे. त्यांवरून एकोणिसाव्या शतकातच स्ट्रुथिओ एशियाटिकस ही जाती स्थापन झाली होती. राजस्थान व मध्य प्रदेश येथील अशाच कवचांतून मिळविलेल्या डीएनएच्या (आनुवंशिक द्रव्याच्या) अंशांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून ही कवचे आफ्रिकेतील शहामृगाच्या निकट आप्ताचीच असल्याचे दिसून आले व कवचाच्या रचनेवरून काढलेल्या निष्कर्षाला स्वतंत्र दुजोरा मिळाला.

न उडणारे पक्षी : शहामृगाचे आप्त कोण, हा प्रश्न मात्र तुकडा ओळखण्याइतका सोपा ठरला नाही. आफ्रिकेतील शहामृग, दक्षिण अमेरिकेतील ऱ्हीआ, ऑस्ट्रेलियातील एमू, न्यूझीलंडमधील किवी व नष्ट झालेला मोआ, मादागास्करमधील नष्ट झालेला हत्तीपक्षी हे सर्व न उडणारे पक्षी आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांच्या उरोस्थीवर नावेच्या कण्यासारखा उंचवटा असतो व त्याला उड्डाणाचे बळकट स्नायू जोडलेले असतात. वरील पक्ष्यांत हा कणा नसतो. मोआची ओळखही ओएन यांनीच पटविली होती. १८३९ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या सु. १५ सेंमी. लांबीच्या, दोन्ही टोके तुटलेल्या मांडीच्या हाडावरून तेथे एके काळी प्रचंड व न उडणारा पक्षी होता, असे त्यांनी जाहीर केले. चार वर्षांत अधिक हाडे मिळून हे विधान खरे ठरले.

सपाट उरोस्थी हे लक्षण धरून हे सर्व पक्षी एका न उडणाऱ्या पूर्वजाचे वंशज मानण्याची प्रवृत्ती दीर्घकाळ होती. गोंडवनाच्या विभाजनाबरोबर त्यांच्या शाखा वेगळ्या झाल्या, असे स्पष्टीकरणही दिले जाई. तथापि टॉमस हेन्री हक्सली (१८२५–९५) यांनी १८६७ मध्ये पक्ष्यांच्या टाळूच्या हाडांच्या मांडणीकडे लक्ष वेधले होते. या पक्ष्यांच्या टाळूची विशिष्ट रचना दक्षिण अमेरिकेतील टिनॅमू या पक्ष्यांतही आढळते आणि टिनॅमू उडू शकतात. उरोस्थीची साक्ष व टाळूची साक्ष अशा प्रकारे परस्परांशी पूर्णपणे जुळत नव्हत्या.

या विसंगतीचा निकाल रेणवीय अभ्यासाने लागला. मोआ व हत्तीपक्षी यांच्या अवशेषांतील डीएनएच्या आधारे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनुसार मोआचे निकटतम आप्त उडणारे टिनॅमू, तर मादागास्करच्या महाकाय हत्तीपक्ष्याचा निकटतम आप्त न्यूझीलंडचा लहानसा किवी ठरतो. शहामृगाची शाखा या सर्वांपासून प्रथम वेगळी झालेली आहे. याचा अर्थ उड्डाणशक्ती या गटात एकदाच न जाता अनेकदा स्वतंत्रपणे लोप पावली. सपाट उरोस्थी हे ऱ्हासाचे लक्षण होते, म्हणून त्याची साक्ष फसवी ठरली. टाळूची गुंतागुंतीची रचना उड्डाणाच्या लोपाशी निगडित नव्हती, म्हणून तिने दाखविलेला व्यापक गट टिकून राहिला.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. शारीरिक साम्य नाते सांगते. ते नाते घेऊन प्राणी कोणत्या मार्गाने आला, हे स्वतंत्रपणे शोधावे लागते. वरळीच्या कासवाचे नाते आफ्रिका-मादागास्करशी आहे व पाटण्याच्या शहामृगाचेही आफ्रिकेशी आहे. परंतु पहिल्याचा संबंध भारत दक्षिणेकडील भूखंड असतानाच्या काळाशी पोहोचतो, तर शहामृगाचे प्राचीन अवशेष यूरोप व आशियाच्या विस्तृत भागात मिळत असल्याने तो भारत आशियाला जोडला गेल्यानंतर खुष्कीच्या मार्गाने येथे पोहोचला असे मानतात. सारख्या दिसणाऱ्या दोन नात्यांमागे कोट्यवधी वर्षांच्या अंतराचे दोन भिन्न इतिहास असू शकतात.

मर्यादा व महत्त्व : वंशवृक्ष ठरविण्याच्या कामी आता रेणवीय पुराव्याला अग्रक्रम दिला जातो. तरीही शारीररचनेचे महत्त्व कमी झालेले नाही. आनुवंशिक द्रव्य काळाबरोबर नष्ट होते व उष्ण प्रदेशांत ते विशेष लवकर नष्ट होते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या बेडकाचे किंवा कासवाचे रेणू आज उपलब्ध होणे शक्य नाही. पृथ्वीवर होऊन गेलेल्या प्राण्यांपैकी बहुसंख्य प्राण्यांच्या नात्याचा एकमेव पुरावा म्हणजे त्यांची हाडे, दात व कवचे हाच आहे. जिवंत प्राण्यांत रेणू व शारीररचना या दोन्ही साक्षी पडताळून पाहता येतात आणि कोणती शारीरिक लक्षणे विश्वसनीय आहेत हे त्यावरून ठरविता येते. ही कसोटी मग जीवाश्मांना लावतात.

या कारणास्तव मूळ नमुन्यांचे जतन अत्यावश्यक ठरते. वरळीच्या टेकडीवर आता दाट वस्ती झाली आहे व एकोणिसाव्या शतकात बेडकांचे सांगाडे देणारे थर पूर्वीसारखे उघडे राहिलेले नाहीत. त्या काळी जमविलेले व संग्रहालयांतून ठेवलेले नमुने हेच यापुढील अभ्यासाचे मुख्य साधन आहे. ओएन यांचे निदान स्टोलिच्का यांना व स्टोलिच्का यांचे नोबल यांना तपासता आले, कारण त्या थरांतील सांगाडे जपून ठेवलेले होते. खानदेशातील नद्यांच्या काठचे गाळाचे थर व डोंगरपायथ्याची अश्मयुगीन स्थळे यांतूनही असे नमुने मिळण्याचा संभव असतो. शेतीसाठी सपाटीकरण करताना किंवा मुरूम काढताना वर येणारा हाडाचा अथवा कवचाचा तुकडा जागेची व थराची नोंद न होता इतस्ततः गेला, तर त्यातील साक्षीचा बहुतांश भाग त्याबरोबरच नाहीसा होतो.